नातवाची शाळा कुणी ठरवायची?

गेली दोन-तीन वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दर वर्षी अलीकडे सरकतो. आता तो नेमका शाळाप्रवेशाच्या हंगामात येऊन बसला आहे. परिणाम असा की, मगरिबच्या अजानची वाट पाहत सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात त्या दहा मिनिटांत खजूर, कलिंगड आणि भज्यांबरोबर आणखी एक गोष्ट मधोमध मांडली जाते. पोराला घालायचे कुठे?

पोर असते तीन-साडेतीन वर्षांचे. त्याला फक्त कलिंगडाशी कर्तव्य असते. दादा म्हणतात, उर्दू शाळेत घाला, मी तिथेच शिकलो आणि काही उपाशी राहिलो नाही. मुलगा म्हणतो, अब्बा, तो जमाना गेला, इंग्रजी आल्याशिवाय आता कुणी दारात उभे करत नाही. सून गप्प असते, कारण तिने आठवड्यापूर्वीच एका इंग्रजी शाळेचा फॉर्म मोबाइलवर भरून ठेवलेला असतो. दादीची काळजी वेगळीच. ती आमच्या सोलापुरी दखनीत विचारते, "बच्चा अंग्रेजीच पढ्या तो दुआ कायमें मांगेगा?" (त्या 'अंग्रेजीच'मधला 'च' दखनीने मराठीकडून घेतलेला आहे. भाषा एकमेकींशी इतक्या भांडत नाहीत, जितके आपण त्यांच्यावरून भांडतो.) तेवढ्यात अजान होते, खजूर तोंडात जातो आणि विषय उद्यावर पडतो.

उद्या तो पुन्हा निघतो. वरवर पाहता हा किरकोळ घरगुती वाद आहे. पण माझ्या माहितीत एक घर असे आहे, जिथे याच प्रश्नावरून चूल वेगळी झाली. दुसऱ्या एका घरात आजोबांनी वर्षभर नातवाच्या शाळेचे नाव उच्चारले नाही. कुणी विचारले तर म्हणायचे, "जातो कुठेतरी." शाळा तीन गल्ल्या पलीकडे होती.

या वादाला एक कायदेशीर पोकळीही आहे. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या वयासाठी राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदात सरकारने प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व तेवढे आहे. म्हणजे तीन ते सहा या वयात मुलाने कुठे जावे, काय शिकावे, हे बहुतेक घरच ठरवते. आणि आमच्या घरांत 'घर' म्हणजे एक माणूस नसतो. दादा-दादी असतात, नाना-नानी फोनवर असतात, सौदी किंवा दुबईत असलेला चाचा आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर आपले मत देतो. फी कधी कधी दादांच्या पेन्शनमधून जाते. मुलाला शाळेतून आणायला दादीच उभी असते. प्रवेशाच्या फॉर्मवर आई आणि वडील असे दोनच रकाने असतात, पण मुलाला घ्यायला येणाऱ्याच्या ओळखपत्रावर फोटो बहुतेकदा दादाचा किंवा दादीचा असतो.

मग निर्णय कुणाचा?

रमजानमध्ये कुरआनचे पठण घरोघरी चालू असते. सूरह बकराची २३३वी आयत बहुतेकांच्या कानावरून दर वर्षी जाते. विषय आहे दूध पाजण्याचा. मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. पण त्याआधी दूध तोडायचे असेल तर काय, याबद्दल तिथे म्हटले आहे की आई आणि वडील दोघांनी आपसातल्या रजामंदीने आणि सल्लामसलतीने तसे ठरवले तर त्यांच्यावर काही दोष नाही. मला ही आयत नेहमी थांबवते. मुलाच्या आयुष्यातला हा पहिला मोठा बदल. वेळ आली की तो आपोआप व्हावा असे तिथे म्हटलेले नाही. बापाने हुकूम सोडावा असेही नाही. दोघांची संमती हवी आणि त्या संमतीआधी बोलणे हवे. आईची रजामंदी बापाच्या बरोबरीने मोजली आहे. आणि निर्णय घेणारे म्हणून तिथे या दोघांव्यतिरिक्त कुणाचे नाव नाही. तिथे दादा-दादी नाहीत आणि चाचाही नाही.

दूध तोडण्याचा निर्णय ज्यांचा, बालवाडीचा निर्णयही त्यांचाच, असे मी यावरून समजते. कुणी मौलाना याचा वेगळा अर्थ लावतील, लावोत. मी धर्मशास्त्राची पंडित नाही, महाविद्यालयात शिकवणारी बाई आहे. पण सल्लामसलतीसारखा शब्द बाळाच्या दुधासाठी येतो, आणि आपण तो फक्त खिलाफत आणि राजकारणाच्या व्याख्यानांत वापरतो, हे मला खटकत आले आहे.

आता हे वाचून एखाद्या सुनेने हे पान कापून फ्रीजवर चिकटवायच्या आधी पुढचेही वाचावे. कारण माझे अर्धे म्हणणे अजून राहिले आहे, आणि ते दादा-दादींच्या बाजूचे आहे.

भाषेच्या प्रश्नावर दादा बरेचसे बरोबर आहेत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. लहान मुलांच्या शिक्षणात काम करणारे लोक हे त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते. ज्या मुलाला एका भाषेत भरपूर बोलता येते, गोष्ट सांगता येते, भांडता येते, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. ज्याच्या डोक्यात एकही भाषा नीट बसलेली नाही, त्याला तिसरी भाषा म्हणजे फक्त आवाज. माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात अशी मुले दर वर्षी येतात. बारा वर्षे इंग्रजी नावाच्या शाळेत गेलेली असतात. घरी दखनी, गल्लीत मराठी, मोबाइलवर हिंदी. बोलायला लागली की हुशारी लगेच दिसते. पण आपल्या मोहल्ल्यावर अर्धे पान लिही म्हटले की विचारतात, "मॅडम, कोणत्या भाषेत?" आणि मी कोणत्याही म्हटले तरी लेखणी पुढे सरकत नाही.

दुसऱ्या बाजूची मुलेही येतात, हे न सांगणे लबाडीचे होईल. उर्दू शाळेतून आलेली, सुंदर उर्दू लिहिणारी, पण बँकेत मराठी फॉर्म समोर आला की शेजारच्याला भरायला सांगणारी. मराठी विषय त्यांनी शाळेत घेतलेला असतो. पेपर पास झालेला असतो. भाषा मात्र अंगाला लागलेली नसते, कारण शाळा, मकतब आणि घर या तिन्ही ठिकाणी मराठी बोलणारे कुणी भेटलेच नाही. सोलापुरात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या. एवढ्या भाषांच्या गावात वाढून मूल एकाच भाषेच्या गल्लीत अडकावे, याचे मला नवल वाटते. मराठी माध्यमाचे नाव तर दस्तरखानावरच्या वादात कुणी काढतच नाही. दादांना ती आपली वाटत नाही, मुलाला ती पुरेशी वाटत नाही. आणि पोर मात्र अंगणात मराठीतच लगोरी खेळत असते.

म्हणजे गोष्ट अशी आहे. दादांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे, पण निर्णय त्यांचा नाही. मुलगा-सुनेला निर्णयाचा हक्क आहे, पण हक्क असला म्हणून निर्णय बरोबर असतोच असे नाही. आमच्या घरांतला सगळा घोळ या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतो. दादांना वाटते, माझे बरोबर आहे तर माझे ऐकले पाहिजे. मुलाला वाटते, हक्क माझा आहे तर मी कुणाला विचारू कशाला?

विचारायचे याचसाठी. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला चूक होण्याची भीती असायला हवी, आणि ती भीती असली की माणूस आपोआप विचारायला जातो. आमच्याकडे विचारत नाहीत, कळवतात. फी भरून झाल्यावर, गणवेश शिवायला टाकल्यावर, रात्री जेवताना सांगतात, "अब्बा, आरिशला तिकडे घातलं." आणि मग अब्बांनी खुश व्हावे अशी अपेक्षा असते. ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, ज्याच्या बायकोने तुमचे मूल आंघोळ घालून, खाऊ घालून, झोपवून दिले म्हणून तुम्ही दोघे नोकरीला जाऊ शकलात, त्याला तुम्ही शिपायासारखी सूचना देता. तो चिडतो शाळेच्या नावावर, पण राग असतो या गोष्टीचा. पुढे वर्षभर त्या शाळेतले काहीही, बूट, डबा, 'गुड मॉर्निंग' म्हणणे, त्याला चुकीचेच दिसणार.

सूरह लुकमानमध्ये आईवडिलांशी वागण्याबद्दल सांगितले आहे. ईश्वराशी कुणाला भागीदार करायला ते भाग पाडू लागले तर त्यांचे ऐकू नये, पण तरीही या जगात त्यांच्याबरोबर भलेपणाने राहावे, असा त्याचा आशय. म्हणजे सर्वात टोकाच्या मतभेदातही सोबत सुटत नाही. केजीच्या प्रवेशावरून बोलणे टाकणाऱ्यांनी, ते वरच्या पिढीतले असोत वा खालच्या, या आयतीपाशी जरा थांबावे.

आता ज्या गोष्टीवर दोन्ही पिढ्यांचे पूर्ण एकमत असते, तिच्याकडे वळते. मला वाटते, खरे नुकसान तिथे होते. ती गोष्ट म्हणजे घाई.

दादींना मूल साडेतीन वर्षांचे होताच मकतबमध्ये हवे असते. अम्मीला ते तेवढ्याच वयात एबीसीडी लिहिताना हवे असते. तडजोड काय होते? दोन्ही. सकाळी साडेआठ ते बारा इंग्रजी शाळा. दुपारी जेवण, अर्धी झोप. तीनला नूरानी कायदा. पाचला 'होमवर्क' करून घेणारी ट्यूशन. आता नीट पाहा, त्या मुलाला आपण काय करायला लावतो आहोत. सकाळी रोमन लिपी, डावीकडून उजवीकडे, मोठी आणि लहान अशी दोन रूपे. दुपारी अरबी, उजवीकडून डावीकडे, २८ हर्फ, त्यात बहुतेकांचे शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप. संध्याकाळी ट्यूशनच्या बाई 'अ आ इ ई' घेतात, वर आडवी रेघ. उर्दूही शिकवायची ठरली तर अरबीत नसलेले पे, टे, चे, गाफ आणखी, आणि कायद्यात पाहिलेल्या नस्ख लिपीऐवजी उतरती नस्तालीक. त्या वयात बोटांत पेन्सिल धरायची ताकदही पुरती आलेली नसते. मग पोर 'बी' उलटा काढते आणि तिन्ही ठिकाणी ओरडा खाते. तोडगा निघाला म्हणून घरात मोठी माणसे खुश असतात. त्या तोडग्याचे ओझे चार वर्षांच्या पाठीवर असते.

केंद्राचा पायाभूत स्तरासाठीचा अभ्यासक्रम आराखडा २०२२मध्ये आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक लावू नये, खेळ, गोष्टी, गाणी, वस्तू हाताळणे यांतून शिकवावे, असे त्यात आहे. हे ऐकून एका आजोबांनी मला सुनावले होते, की हे सगळे इंग्रजांचे फॅड आहे, आपल्याकडे तालीम म्हणजे तालीम. त्यांच्यासाठी दोन नावे सांगते.

इमाम गझाली तूसचे, वारले ११११ साली. त्यांच्या 'इह्या'मध्ये मुलांच्या संगोपनाचा भाग आहे. मकतबमधून आल्यावर मुलाला खेळू द्यावे, खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी मंदावते, अशा अर्थाचे ते सांगतात. दुसरे इब्न खल्दून. १३७७ सालच्या 'मुकद्दिमा'त त्यांनी निरनिराळ्या मुस्लिम मुलखांत मुलांना काय आधी शिकवतात याची तुलनाच केली आहे. मगरिब म्हणजे मोरोक्कोच्या बाजूला फक्त कुरआन. अंदलुसमध्ये कुरआनबरोबर भाषा, काव्य, हस्ताक्षर. आणि मग ते काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांचा एक प्रस्ताव देतात: आधी भाषा आणि कविता, मग हिशेब, आणि समज आल्यावर कुरआन. इब्न खल्दून म्हणतात, पद्धत चांगली आहे, पण लोकांची रीत तिला मानवत नाही. का मानवत नाही याचे त्यांनी दिलेले कारण वाचले आणि मला आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या दादी आठवल्या. लोकांना भीती वाटते की मूल मोठे झाले, हाताबाहेर गेले, तर कुरआन शिकायचे राहूनच जाईल. म्हणून हातात आहे तोवर शिकवून घ्या.

साडेसहाशे वर्षे झाली, भीती तीच आहे. आणि ती खोटी नाही, म्हणून तिच्यावर हसू नये. ज्या दादीने आपली एक मुले-नातवंडांची पिढी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, आखातात गेलेली पाहिली, तिला पोर हातातून जाण्याची भीती वाटणारच. तिच्याशी 'ही जुनी पद्धत आहे' असे बोलून काही उपयोग नाही. तिला सांगावे लागते की कुरआन शिकवणे रद्द झालेले नाही, फक्त वर्ष-दीड वर्ष पुढे गेले आहे. नमाजची ताकीदसुद्धा हदीसमध्ये सातव्या वर्षी सांगितली आहे. त्याच 'मुकद्दिमा'त मुलांशी सक्तीने वागल्यास ती खोटे बोलायला आणि लपवाछपवी करायला शिकतात असेही एक प्रकरण आहे. मकतबमध्ये छडी ठेवणाऱ्यांनी ते वाचावे. अलीकडे काही मकतबांमध्ये छडी गेली आहे, चित्रे आली आहेत, हेही खरे.

आणि फॅड इंग्रजांचे म्हणणाऱ्यांना आपल्या महाराष्ट्रातली गोष्टही माहीत हवी. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५पासून बोर्डीला आणि पुढे १९५७पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज आमच्या मोहल्ल्यांत अंगणवाडी म्हणजे खिचडीची जागा अशी समजूत आहे. ज्यांना परवडते ते तिकडे फिरकत नाहीत, ज्यांना परवडत नाही ते कर्ज काढून पाटी लावलेल्या दोन खोल्यांच्या 'इंटरनॅशनल'मध्ये जातात. काही अंगणवाड्या खरोखरच वाईट आहेत. काही चांगल्या आहेत. पण पाहायला कुणी गेलेले नसते.

पाहायला जाणे या एका गोष्टीने वाद सुटल्याचे मी पाहिले आहे. ओळखीचे घर. दादी उर्दू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सून दवाखान्यात परिचारिका. दोन महिने घरात धुसफूस चालू होती. शेवटी दादींचे भाऊ मध्ये पडले. ते म्हणाले, तुम्ही दोघी तीन शाळा बघून या, एकत्र, वर्ग चालू असताना, आणि येताना रिक्षात काही बोलू नका. पहिल्या, सुनेने निवडलेल्या इंग्रजी शाळेत चार वर्षांची मुले ओळीने बसून जोडाक्षरी इंग्रजी गिरवत होती, वर्गात आवाज नव्हता. सुनेला ते पाहून कसेसेच झाले. दुसरी, दादींच्या पसंतीची उर्दू बालवाडी. एक खोली, बंद खिडक्या, साठ मुले एका सुरात ओरडत होती. बाहेर आल्यावर दादींनीच मान हलवली, "नक्को." तिसरी शाळाही इंग्रजीच होती, पण तिथल्या बाई जमिनीवर बसून मुलांना मराठी-हिंदीत गोष्ट सांगत होत्या आणि दोन पोरे त्यांच्या मांडीवर चढली होती. दोघींना तीच आवडली. निर्णय सुनेने आणि तिच्या नवऱ्याने घेतला. दादींनी दोन गोष्टी मागितल्या: घरात आपसात उर्दूच बोलायची, आणि अलिफ-बे मी पाच वर्षांनंतर माझ्या हाताने सुरू करीन, ट्यूशन लावायची नाही. दोन्ही मान्य झाल्या. भांडण तीन महिन्यांनी मोबाइलवरून पुन्हा झाले, पण ते वेगळे प्रकरण.

या घरात दादींना जे मिळाले ते मला महत्त्वाचे वाटते. शाळा त्यांची राहिली नाही, पण भाषा त्यांची राहिली. आजी-आजोबांना घरात असे काहीतरी स्वतःचे द्यावे लागते, ज्यात आईबापांनी नाक खुपसायचे नाही. उर्दूत मुलांसाठी केवढे साहित्य आहे. इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पाठमाला आणि कविता आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असायच्या. पहेल्या आहेत, लोऱ्या आहेत, नबींच्या कहाण्या आहेत. हे कुठल्याही केजीत मिळत नाही आणि त्यासाठी लिपी यावी लागत नाही. दादीच्या कुशीत पडून ऐकावे लागते. मात्र त्या वेळी दादीच्या हातातही मोबाइल नसावा.

चार वर्षे, चार महिने, चार दिवसांची 'बिस्मिल्लाह' आमच्याकडे होते. नवे कपडे, मिठाई, मौलवीसाहेब किंवा घरातले बुजुर्ग मुलाकडून पहिली आयत म्हणवून घेतात, पाटीवर बोट धरून अलिफ काढवतात. या हिशेबाला कुरआन-हदीसचा आधार नाही, ही भारतीय उपखंडातली जुनी रीत आहे. काही तरुण आईबाप म्हणून ती मोडायला निघतात. मोडू नये असे माझे मत आहे. ती दादा-दादींच्या हाती द्यावी, त्यांना हवी तशी करू द्यावी. फक्त त्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी मूल पूर्ण वेळ मकतबमध्ये बसले पाहिजे असा तिचा अर्थ काढू नये. तो आनंदाचा एक दिवस असतो, तेवढाच राहू द्यावा.

एक काम मात्र दोन्ही बाजूंनी बंद करावे, आणि याला मी अपवाद मानत नाही. मुलाला मध्ये घालून भांडणे. "दादीला सांग, मी आता इंग्लिश बोलतो." "तुझ्या अम्मीला विचार, सूरह फातिहा कधी शिकवणार?" मूल निरोप पोचवते. हळूहळू त्याला कळते की कुणासमोर काय आलेले दाखवायचे आणि काय लपवायचे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्याबद्दल हदीसमध्ये येते की नमाज पढवताना नात उमामा त्यांच्या खांद्यावर असे, सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत. नातू सजद्यात पाठीवर चढला म्हणून त्यांनी सजदा लांबवल्याचीही रिवायत आहे. अनाथ झाल्यावर त्यांना स्वतःला आठव्या वर्षापर्यंत दादा अब्दुल मुत्तलिब यांनीच सांभाळले होते. इतक्या भरल्या नमाजेत मुलाला कुणी गप्प केले नाही. आपण दस्तरखानावर त्याच्या डोक्यावरून शब्द फेकतो.

रमजानमध्ये याच वादाचे आणखी एक रूप दिसते. पहिला रोजा. दादींना नातीची रोजाकुशाई धुमधडाक्यात करायची असते, अम्मीला वाटते सहा वर्षांच्या पोरीला तेरा तास पाण्याशिवाय कशाला ठेवायचे. वृत्तपत्रांत या महिन्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांचे हार घातलेले फोटो येतात. ते पाहून शेजारच्या घरातली दादी आपल्या साडेचार वर्षांच्या नातवाकडे पाहू लागते. वयात येईपर्यंत रोजा फर्ज नाही, हे दोन्ही पिढ्यांना माहीत असते. मुलाने हट्ट केला तर दुपारपर्यंतचा 'चिडिया रोजा' आहेच. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज या सहाबी महिलेने आशुराच्या रोजाबद्दल सांगितलेले बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मदिनेतल्या आया मुलांनाही रोजा ठेवायला लावत, आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवत. मूल खाण्यासाठी रडायला लागले की ते खेळणे त्याच्या हातात देत. तेव्हा मुलाचे मन रमवायची जबाबदारी मोठ्यांची होती. आता तो जबाबदारीचा भाग आपण गाळला आणि हार तेवढा ठेवला आहे.

विजापूर वेशीत संध्याकाळी रमजानचा बाजार भरतो. दादींनी असरनंतर खरेदीला जाताना नातवाला बोटाला धरून न्यावे. वाटेत दुकानांच्या पाट्या वाचून दाखवाव्यात, उर्दू, मराठी, इंग्रजी, जी येईल ती. फुग्याच्या गाडीपाशी थांबावे. घरी अम्मीला तेवढ्या वेळात भजी तळून घेता येतील, आणि जमले तर अब्बांकडून तळून घेता येतील. शाळेचे बोलणे तरावीह झाल्यावर, पोर झोपल्यावर काढावे. पोट भरलेले असते, आवाज खाली असतो.